जॉबर गेला, ओळख उरली

मुलगा पदवीधर झाला, मुलीने डिप्लोमा केला, वर्ष उलटले, अर्ज भरून भरून हात दुखले, की आपल्या घरांतून एक वाक्य हमखास ऐकू येते, ‘‘आपली वर ओळख नाही ना!’’ या वाक्यात तक्रार आहे, तशी खरी माहितीही आहे. पैशाची गरिबी सगळ्यांना दिसते. ओळखीची गरिबी दिसत नाही, पण ती पिढ्यान्‌पिढ्या सोबत चालते. शिक्षण आपण कष्टाने मिळवले. प्रमाणपत्रांच्या फायली भरल्या. पण ती फाईल नेऊन कोणाच्या टेबलावर ठेवायची, हे सांगणारे माणूस आपल्या वस्तीत सापडत नाही.

आता घरातली मुले सांगतात, ‘‘लिंक्डइनवर खाते काढले आहे, तिथून नोकरी मिळते.’’ आईवडिलांना प्रश्न पडतो, की हे काय नवीन? फेसबुकसारखेच का? मुले तासन्‌तास मोबाईलमध्ये डोके घालून बसतात, ते नोकरी शोधतात की वेळ घालवतात? पैसे तर मागणार नाहीत ना? मुलीचा फोटो आणि नाव तिथे टाकावे का? हे सगळे प्रश्न रास्त आहेत. म्हणून या आठवड्यात कामधंद्याच्या ओळखी जुळवणाऱ्या या संकेतस्थळांचा आपण जमाखर्च मांडणार आहोत.

ओळखीचे राज्य जुनेच

ओळखीने काम मिळणे ही संगणकाने आणलेली गोष्ट नाही. मुंबईच्या गिरण्यांत एके काळी भरती जॉबरच्या हातात होती. जॉबर आपल्या गावचा, आपल्या नात्यागोत्यातला माणूस आधी उभा करी. ज्याचा कोणी जॉबर नाही, त्याने सकाळी गेटवर ताटकळायचे. विणकाम खात्यात पगार बरा असे, पण तिथे आपल्या माणसांना शिरकाव नव्हता. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि विटाळाचे कारण पुढे केले जाई. आपल्या बापजाद्यांच्या हातात कसब नव्हते असे मुळीच नाही. त्यांच्यासाठी दाराशी उभे राहून ‘हा माझा माणूस’ म्हणणारा कोणी नव्हता.

पुढे १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि त्यानंतर एकेक गिरणी थंड पडत गेली. त्या वेळी चाळीचाळीने एक गोष्ट अनुभवली. सगळ्यांचेच काम एकदम गेले, तेव्हा शेजाऱ्याला विचारून उपयोग नव्हता. जे आपल्याला ठाऊक तेच त्याला ठाऊक. जिथे आपण हेलपाटे घातले, तिथेच तोही घालून आलेला. माया होती, आधार होता, वेळेला अर्धी भाकरी होती. पण नव्या कामाची बातमी मात्र कोणाकडेच नव्हती.

हीच गोष्ट मार्क ग्रॅनोव्हेटर नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९७३ साली एका निबंधात मांडली. नोकरीची बातमी बरेचदा जिवलग मित्राकडून येत नाही. ज्याची आपली गाठ अधूनमधून पडते, अशा दूरच्या ओळखीच्या माणसाकडून येते, असे त्याने दाखवले. कारण सोपे आहे. जवळचे माणूस आपल्याच जगात वावरते. दूरचे माणूस दुसऱ्या जगात वावरते, म्हणून त्याच्याकडे दुसरी बातमी असते.

आता आपल्या वस्तीचा विचार करा. जवळची माणसे आपल्याकडे भरपूर आहेत. लग्नाला, मयताला, जयंतीला पाचशे माणसे उभी राहतील. कमी आहेत त्या दूरच्या ओळखी. कारखान्यातला पर्चेस मॅनेजर, बँकेतला अधिकारी, आर्किटेक्टच्या ऑफिसातले कोणी. असे लोक ज्यांच्या घरी चहाला येतात, त्यांच्या मुलांना या ओळखी जन्मतःच मिळतात. आपल्या मुलांना त्या एकेक करून जोडाव्या लागतात. या संकेतस्थळांचे खरे मोल इथे आहे.

हे दुकान चालते कसे?

लिंक्डइन ही या प्रकारातली सर्वांत मोठी पेढी. रीड हॉफमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील कॅलिफोर्नियात ती उभी केली आणि मे २००३ मध्ये ती लोकांसाठी खुली झाली. २०१६ साली मायक्रोसॉफ्ट कंपनीने ती २,६२० कोटी डॉलरला विकत घ्यायचे ठरवले आणि त्याच वर्षाअखेर व्यवहार पुरा झाला. २०२३ मध्ये तिच्या सभासदांची संख्या जगभरात १०० कोटींच्या वर गेली. त्यांत भारतातले १० कोटींहून अधिक, म्हणजे अमेरिकेच्या खालोखाल आपलाच देश.

पद्धत अशी. प्रत्येकाचे एक पान असते. त्यावर शिक्षण, आजवरची कामे, येणारी कौशल्ये लिहायची. मग ओळखीच्या माणसाला विनंती पाठवायची. त्याने मान्य केली की दोघे जोडले गेले. त्याच्या ओळखीची माणसे आपल्याला ‘दुसऱ्या पायरीची’ म्हणून दिसू लागतात, त्यांच्या ओळखीची तिसऱ्या पायरीची. कंपन्या तिथे जागांच्या जाहिराती देतात. भरती करणारी माणसे शब्द टाकून शोधतात. ‘टॅली’, ‘ऑटोकॅड’, ‘सीएनसी ऑपरेटर’ असा शब्द टाकला, की ज्यांच्या पानावर तो शब्द आहे त्यांची यादी येते. ज्याने तो लिहिलाच नाही, तो कितीही हुशार असो, यादीत येत नाही. आपल्याकडे म्हण आहेच, बोलणाऱ्याचे हुलगे विकले जातात आणि न बोलणाऱ्याचे गहूही पडून राहतात.

आता पैशाचे. साधे खाते फुकट असते. मग पेढीचा खर्च कोण भागवतो? मुख्यतः माणसे शोधणाऱ्या कंपन्या, जाहिरातदार आणि जादा सोयींसाठी दरमहा पैसे भरणारे सभासद. म्हणजे हे दुकान चालते ते कंपन्यांच्या पैशावर आणि दुकानात मांडलेली असते ती आपली माहिती. हे एकदा लक्षात ठेवले, की पुढच्या बऱ्याच गोष्टींचा उलगडा होतो. ‘जादा सोयींचे सभासदत्व घ्या’ असा तगादा लागतो तेव्हा नवशिक्या मुलाने ते घेण्याची काही गरज नाही. पहिली नोकरी शोधायला फुकटचे खाते पुरते.

फायदा खरा आहे, पण सगळ्यांना सारखा नाही

२०२२ साली ‘सायन्स’ या प्रसिद्ध शास्त्रीय नियतकालिकात एक मोठा अभ्यास छापून आला. पाच वर्षांच्या काळात लिंक्डइनवरील दोन कोटी माणसांना ओळखी सुचवण्याची पद्धत थोडी थोडी बदलून पाहिली होती. कोणाला जवळच्यांची नावे जास्त सुचवली, कोणाला दूरच्यांची. त्या काळात सुमारे सहा लाख नव्या नोकऱ्यांची नोंद झाली. निष्कर्ष निघाला, की नोकरी बदलायला मध्यम दूरच्या ओळखी सर्वांत उपयोगी पडतात. अगदी परक्या माणसाचा फारसा उपयोग नाही आणि अगदी जवळच्याचाही नाही. ग्रॅनोव्हेटरचे म्हणणे असे जवळजवळ पन्नास वर्षांनी तपासले गेले.

पण याच अभ्यासातली दुसरी गोष्ट आपल्या घरांसाठी जास्त महत्त्वाची आहे. ज्या धंद्यांत संगणकाचा वापर जास्त, तिथे दूरच्या ओळखी कामी येतात. ज्या धंद्यांत तो कमी, तिथे जवळच्या ओळखीच कामी येतात. याचा साधा अर्थ असा, की मुलगी अकाउंट्स, संगणक, डिझाईन, जाहिरात, नर्सिंगचे व्यवस्थापन अशा कामात शिरू पाहत असेल, तर तिने हे खाते नीट ठेवावे. मुलगा वेल्डर, ड्रायव्हर किंवा प्लंबर असेल, तर त्याच्या कामाची शिफारस अजूनही त्याचा उस्ताद, जुना मालक आणि शेजारचा वायरमन हेच करणार. त्याने खाते काढू नये असे नाही, पण उस्तादाकडचे जाणे-येणे सोडून मोबाईलकडे पाहत बसू नये.

आणि एक मासलेवाईक गोष्ट. हा प्रयोग चालू होता तेव्हा त्या दोन कोटी माणसांना वेगळे विचारलेले नव्हते. कोणाला कोणती ओळख दिसावी, हे कुठे तरी बसलेले कोणी ठरवत होते आणि त्याचा परिणाम माणसांच्या पोटापाण्यावर होत होता. म्हणजे दाराशी जॉबर आजही आहे. फरक इतकाच, की जुन्या जॉबरचे तोंड तरी दिसत असे.

आडनाव सोबत येतेच

या संकेतस्थळांबद्दल एक गोष्ट फार सांगितली जाते, की तिथे फक्त गुण पाहतात. आम्हाला हे जसेच्या तसे मान्य नाही. पानाच्या डोक्यावर ठळक अक्षरांत काय असते? नाव, आडनाव आणि फोटो. गुण त्याच्या खाली येतात.

आपले अर्थतज्ज्ञ प्रा. सुखदेव थोरात आणि अमेरिकेतील पॉल अ‍ॅटवेल यांचा एक अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. वर्तमानपत्रांतील खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना त्यांनी अर्ज पाठवले. शिक्षण सारखे, पात्रता सारखी, फरक फक्त नावाचा. दलित आडनावाच्या अर्जाला बोलावणे येण्याचा संभव सवर्ण आडनावाच्या अर्जाच्या मानाने सुमारे दोन-तृतीयांशच निघाला. २०१२ साली दुसऱ्या एका अभ्यासात देशातल्या एक हजार मोठ्या कंपन्यांची संचालक मंडळे तपासली गेली. त्यांत अनुसूचित जाती आणि जमाती मिळून साडेतीन टक्के. खासगी क्षेत्रात आरक्षण नाही आणि वरच्या खुर्च्यांवर बसलेल्यांच्या ओळखी त्यांच्याच घरांत फिरतात. मग ‘ओळखीने मिळते’ या वाक्याचा आपल्यासाठी काय अर्थ होतो, ते वेगळे सांगायला नको.

म्हणून काय आडनाव लपवायचे? मुळीच नाही. लपवलेले आडनाव मुलाखतीच्या दिवशी उघडे पडते आणि लपवणारा आधीच अर्धा खचलेला असतो. आडनावाकडे पाहणाऱ्याची नजर आपण बदलू शकत नाही. त्या नजरेला दुसरे काय दिसावे, ते आपल्या हातात आहे. पूर्ण केलेले प्रकल्प, बनवलेल्या वस्तूंचे फोटो, जुन्या वरिष्ठाने लिहिलेल्या शिफारशीच्या चार ओळी, हे पान उघडताच दिसले पाहिजे. आणि जे नोकरीला लागत नाही ते लिहू नये. जात, वडिलांचा व्यवसाय, घराचा पत्ता, लग्न झाले की नाही, यांतले काहीही तिथे टाकण्याची गरज नाही.

मुले विचारतात, १४ एप्रिलचे अभिवादन तिथे टाकावे की नाही? आमचे मत स्पष्ट आहे. बाबासाहेबांचे नाव घ्यायला लाजायचे कारण नाही. त्यांच्या अर्थशास्त्रावर, कामगारमंत्री म्हणून त्यांनी केलेल्या कामावर दोन परिच्छेद अभ्यासून लिहिले, तर वाचणाऱ्याला लिहिणाऱ्याचीही ओळख पटेल. पण कोणी खोडसाळ लिहिले म्हणून तिथे हातघाईवर येऊ नये. ती जागा वादाची नाही. तिथे लिहिलेले पाच वर्षांनीही भरती करणाऱ्याला सापडते आणि तो वाद कोणी सुरू केला होता, हे शोधायला तो बसत नाही.

तोटे आणि धोके

पहिला तोटा वेळेचा. तिथे सगळे यशस्वीच दिसतात. कोणाला बढती मिळाली, कोणी परदेशी गेला, कोणाला पुरस्कार. नापास झालेला, काढून टाकलेला, दोन महिने पगार थकलेला माणूस सहसा तिथे लिहीत नाही. हे रोज पाहून घरी बसलेल्या मुलाचे मन खट्टू होते आणि तो स्वतःला कमी समजू लागतो. आईवडिलांनो, मुलगा गप्प गप्प राहू लागला तर ‘मोबाईल ठेव’ म्हणून ओरडण्याआधी त्याच्याजवळ दोन घटका बसा. तिथे दिसते ती लोकांची सणाच्या दिवसाची घरे असतात, हे त्याला सांगा.

दुसरा तोटा माहितीच्या चोरीचा. २०१२ मध्ये लिंक्डइनचे पासवर्ड चोरीला गेले. आधी ६५ लाखांचा आकडा पुढे आला होता. २०१६ मध्ये कळले, की त्या चोरीतले ११ कोटींहून अधिक खात्यांचे ई-मेल आणि पासवर्ड बाजारात विकायला आले आहेत. म्हणून या खात्याचा पासवर्ड बँकेच्या किंवा ई-मेलच्या खात्याला कधीही वापरू नये. आधार कार्ड, पॅन कार्ड, गुणपत्रिका यांचे फोटो पानावर टाकू नयेत.

तिसरा धोका सर्वांत वाईट, तो म्हणजे खोट्या नोकऱ्यांचा. गरजवंताला अक्कल नसते असे म्हणतात. आम्ही म्हणतो, अक्कल असते, पण गरज तिला बोलू देत नाही. ठग नेमका हाच क्षण गाठतात. मोठ्या कंपनीचे नाव, चकचकीत पान, गोड बोलणे, दोन दिवसांत ‘निवड झाली’ असे पत्र आणि मग नोंदणी फी, गणवेशाचे पैसे, प्रशिक्षणाचे पैसे, लॅपटॉपची अनामत. पैसे गेले की फोन बंद. वाचकहो, हे घरातल्या भिंतीवर लिहून ठेवा, खरी कंपनी नोकरी देण्यासाठी उमेदवाराकडून पैसे घेत नाही. जो पैसे मागतो, तो मालक नव्हे.

परदेशच्या नोकरीत धोका जिवावरचा आहे. थायलंडमध्ये संगणकाच्या कामाची चांगली नोकरी आहे, असे समाजमाध्यमांवरून आमिष दाखवून भारतीय तरुणांना म्यानमारमध्ये नेले गेले आणि तिथे डांबून ठेवून त्यांच्याकडून लोकांना फसवण्याची कामे करून घेतली गेली. याबद्दल आपल्या परराष्ट्र मंत्रालयाने सप्टेंबर २०२२ मध्ये जाहीर इशारा दिला. परदेशी कामाला पाठवणारा एजंट सरकारकडे नोंदलेला असावा लागतो. तो नोंदलेला आहे की नाही, हे सरकारच्या ‘ई-मायग्रेट’ संकेतस्थळावर पाहता येते. त्याला घेता येणारी फीसुद्धा कायद्याने ठरलेली आहे. ती आहे जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि वर जीएसटी. दोन लाख, तीन लाख मागणाऱ्याच्या हातात आईचे मंगळसूत्र मोडून पैसे देऊ नका. पर्यटक व्हिसावर ‘आधी चला, मग कागद करू’ म्हणणाऱ्याच्या तर सावलीलाही उभे राहू नका.

फसवणूक झालीच तर लाजेने गप्प बसू नका. १९३० हा सायबर फसवणुकीसाठी सरकारी दूरध्वनी क्रमांक आहे. जितक्या लवकर कळवाल, तितकी पैसे अडवून धरण्याची आशा जास्त. तासाला तास मोलाचा असतो.

मुलींबद्दल वेगळे सांगायला हवे. कामाच्या नावाखाली ‘तुमचा फोटो छान आहे’ असे लिहून पाठवणारे तिथेही आहेत. अशा माणसाला उत्तर न देता अडवावे, त्याची तक्रार त्या संकेतस्थळाकडे करावी आणि त्याचा निरोप पुरावा म्हणून जपून ठेवावा. फोन नंबर पानावर टाकू नये. मुलाखतीला ऑफिसातच जावे. हॉटेलची खोली, कोणाचे घर, संध्याकाळी उशिराची वेळ असेल तर स्पष्ट नकार द्यावा. पण या भीतीने मुलीचे खातेच बंद करायला लावणे हा उपाय नव्हे. आधीच मुलींच्या ओळखी घर ते कॉलेज एवढ्याच असतात. चूक त्या पुरुषाची आणि दार बंद मुलीचे, असा न्याय आपल्या घरात तरी नको.

खाते कसे असावे?

थोडक्यात पण नीट सांगतो. फोटो साधा, चेहरा स्पष्ट, पाठीमागे भिंत. नावाखाली ‘नोकरीच्या शोधात’ एवढेच न लिहिता काय येते ते लिहावे, जसे ‘फिटर, आयटीआय, मशीन दुरुस्तीचा एक वर्षाचा अनुभव’. संकेतस्थळ आता हिंदी-मराठीतूनही वापरता येते, पण भरती करणारे बहुधा इंग्रजी शब्दांनी शोधतात. म्हणून कौशल्यांची नावे इंग्रजीत, साध्या छोट्या वाक्यांत लिहावीत. दुसऱ्याचे किंवा यंत्राकडून लिहून घेतलेले भरजरी इंग्रजी डकवू नये. मुलाखतीत त्यातला एक शब्द विचारला की पंचाईत होते. खोटा अनुभव तर कधीच लिहू नये. तिथे लिहिलेले सगळ्यांना दिसते, जुन्या मालकालाही.

आता निरोप कसा पाठवावा ते पाहा. पुष्कळ मुले अनोळखी अधिकाऱ्याला ‘सर, जॉब आहे का?’ एवढेच पाठवतात. त्याला रोज असे पन्नास येतात. त्याऐवजी असे लिहावे,

‘‘नमस्कार सर. मी आयटीआयमधून फिटरचा कोर्स पूर्ण केला आहे. आपण चाकणला मेंटेनन्स विभागात काम करता असे आपल्या पानावर दिसले. या विभागात येणाऱ्या नव्या माणसाला आधी काय आले पाहिजे, हे दोन ओळींत सांगाल का? आपला वेळ घेतल्याबद्दल आभारी आहे.’’

या निरोपात भीक नाही. माहिती विचारली आहे आणि माहिती द्यायला माणूस सहसा कुरकुरत नाही. दहांतल्या दोघांनी उत्तर दिले तरी दोन नव्या ओळखी झाल्या. त्या टिकवाव्यात. त्यांनी सांगितलेले शिकून घेतले की महिन्याभराने तसे कळवावे. नोकरीची बातमी अशाच माणसाकडून पुढे येते.

दिवसाला अर्धा तास पुरे. उरलेला वेळ काम शिकण्यात घालवावा. आणि सगळी अंडी एका टोपलीत कोंबू नयेत. केंद्र सरकारची ‘नॅशनल करिअर सर्व्हिस’ २०१५ पासून आहे, राज्याचे ‘महास्वयम’ आहे; दोन्हीकडे नोंदणी फुकट होते.

धंदा करणाऱ्यांसाठी

रंगकाम, वायरिंग, केटरिंग, शिवणकाम, फॅब्रिकेशन असे छोटे धंदे करणारेही आमचे वाचक आहेत. त्यांनी आधी गूगलच्या नकाशावर आपल्या धंद्याचे नाव, वेळ आणि केलेल्या कामाचे फोटो टाकावेत. त्याला पैसे पडत नाहीत. गिऱ्हाईक मिळवून देतो म्हणून वर्षाचे पैसे आगाऊ मागणाऱ्या संकेतस्थळांचे फोन येतील. आपल्याच धंद्यातल्या दोघांना ‘खरेच कामे आली का?’ असे विचारल्याशिवाय पैसे भरू नयेत.

सरकारी खरेदीसाठी २०१६ पासून ‘जेम’ हे संकेतस्थळ चालू आहे. केंद्र सरकारच्या २०१२ च्या खरेदी धोरणात अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांकडून चार टक्के खरेदीचे लक्ष्य ठेवलेले आहे. त्यासाठी ‘उद्यम’ नोंदणी लागते आणि ती सरकारी संकेतस्थळावर फुकट होते. तिचे हजार-दोन हजार घेणारा दलाल फसवतो. आणि पडद्याबाहेरच्या ओळखीही हव्यात. मिलिंद कांबळे यांनी २००५ साली पुण्यात ‘डिक्की’, म्हणजे दलित उद्योजकांची संघटना काढली, ती याच गरजेतून. कर्ज कसे मिळते, निविदा कशी भरतात, हे अनुभवी माणसाच्या शेजारी बसून जेवढे कळते तेवढे मोबाईलवर कळत नाही.

पुढे गेलेल्यांना दोन शब्द

शेवटी ज्यांना नोकऱ्या आहेत त्यांच्याशी बोलायचे आहे. बँकांत, रेल्वेत, कंपन्यांत, इस्पितळांत, परदेशात आज आपली माणसे आहेत. त्यांतले बरेच जण या संकेतस्थळांवर आहेत. वस्तीतला एखादा मुलगा मोडक्या इंग्रजीत निरोप पाठवतो आणि तो तसाच न वाचता पडून राहतो. काहींना वाटते, उत्तर दिले तर सगळे मागे लागतील. काहींना वाटते, आपण कुठून आलो ते ऑफिसात कळेल.

आम्ही वशिला लावा असे म्हणत नाही. नालायकाला आत घ्या असेही म्हणत नाही. त्या मुलाचे पान वाचा आणि त्यात काय कमी आहे ते सांगा. मुलाखतीत काय विचारतात ते सांगा. आपल्या कंपनीत जागा निघाली तर त्याला कळवा. एवढे दुसऱ्या समाजांतले लोक आपल्या पुतण्या-भाच्यांसाठी सहज करतात आणि त्याला कोणी वशिला म्हणत नाही. संकेतस्थळ दोन नावे जोडून देते, पण उत्तर माणसालाच द्यावे लागते.

तेव्हा मुलांनी आपले पान येत्या रविवारी घरातल्या सगळ्यांसमोर उघडून नीट लिहावे. नोकरीत असलेल्यांनी त्याच दिवशी, पडून राहिलेल्या निरोपांपैकी निदान एकाला उत्तर द्यावे.